महाबळेश्वरात सहकुटुंब जेवायचे कुठे?

महाबळेश्वरला खोली आरक्षित करतानाच बहुतेक कुटुंबे जेवणाचा प्रश्नही मिटवून टाकतात, कारण इथल्या अनेक हॉटेलांचे दर नाश्ता आणि दोन्ही वेळच्या जेवणासह असतात. घरात वयस्कर माणसे आणि लहान मुले असतील तर ही सोय मोलाची वाटते आणि काही प्रमाणात ती आहेही. ही जेवणे बहुधा गुजराती धाटणीची असतात, जैन पद्धतीचे पदार्थ सहज मिळतात आणि पोटाला त्रास होत नाही. तरीही माझा स्पष्ट सल्ला असा, की नाश्ता आणि रात्रीचे जेवण हॉटेलात ठेवावे आणि दुपारचे जेवण सोडवून घ्यावे. दुपारच्या पंगतीसाठी एक वाजता परत हॉटेल गाठायचे म्हटले, की सकाळचा निम्मा वेळ गाडीत जातो. शिवाय या डोंगरावर जे खरोखर इथले म्हणून खावे, ते त्या पंगतीत क्वचितच असते.

ते खायला क्षेत्र महाबळेश्वरला जावे. बाजारपेठेपासून हे जुने गाव साधारण सहा किलोमीटरवर आहे आणि आर्थर सीटचा रस्ता तिथूनच पुढे जातो. त्यामुळे सकाळी धुके विरल्यावर आधी आर्थर सीट पाहावे आणि परतताना क्षेत्रात थांबून महाबळेश्वराचे आणि पंचगंगेचे दर्शन घ्यावे. जेवणाची वेळ आपोआप जुळून येते. देवळांच्या आसपास घरगुती खानावळी आहेत आणि तिथे पिठले-भाकरी मिळते. थाटमाट काही नसतो, बाके साधी असतात, पण भाकरी तुम्ही सांगितल्यावर थापली जाते. परातीत पीठ मळण्याचा आणि थापण्याचा आवाज बसल्या जागी ऐकू येतो, तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगते आणि पापुद्रा सुटलेली ती भाकरी थेट ताटात येते. सोबत दाटसर पिठले, बुक्कीने फोडलेला कांदा, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि ताक. थंड हवेत इतके गरम, इतके साधे जेवण सगळ्या वयाच्या माणसांना एकाच वेळी आवडते, हे मी वारंवार पाहिले आहे.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. देवळात जाण्याआधीच खानावळीत किती माणसे आहेत आणि अंदाजे किती भाकऱ्या लागतील हे सांगून ठेवावे, म्हणजे दर्शन आटोपेपर्यंत चूल तुमच्यासाठी मोकळी होते. भुकेल्या मुलांना घेऊन तिथे ताटकळण्यासारखा वैताग नाही. दुसरे म्हणजे, पिठले फोडणीला पडण्यापूर्वीच मुलांसाठी तिखट कमी घालायला सांगावे. एकदा मिरची पडली, की वरून तूप घालूनही फारसा उपयोग होत नाही. दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी गरम भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून द्यावी. भात मात्र सावकाश येईल असे धरून चालावे, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवर पाणी 100 अंशांऐवजी साधारण 95 अंशांवरच उकळते आणि उघड्या पातेल्यातला तांदूळ शिजायला जास्त वेळ लागतो. प्रतापगडाचा बेत असेल तर गडावरही पिठले-भाकरी आणि ताक मिळते. मात्र पायऱ्या चढून आल्यावर लगेच मुलांना भरपेट खाऊ घालू नये, आधी थोडे बसू द्यावे.

वेण्णा तलावाबद्दल माझे मत बऱ्याच जणांना पटणार नाही. गावाला पाणी मिळावे म्हणून साताऱ्याच्या छत्रपतींनी 1842 मध्ये बांधवून घेतलेला हा तलाव आज सगळ्या सहलींचा मध्यबिंदू झाला आहे आणि संध्याकाळी काठावर खाण्याच्या गाड्यांची रांग लागते. तिथे जेवण करू नये; तिथे फक्त खावे, आणि तेही निवडून. मक्याचे कणीस उत्तम असते: डोळ्यांसमोर निखाऱ्यावर भाजलेले, दाणे थोडे काळसर झालेले, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून वरून चोळलेली. लहान मुलासाठी कणीस भाजण्याऐवजी उकडून घ्यावे आणि नुसते मीठ लावून घ्यावे. पानांसकट जुड्या बांधून विकायला ठेवलेली केशरी, बारीक, लांबट गाजरे आणि लाल मुळे जरूर घ्यावेत, पण खोलीवर नेऊन धुऊनच खावेत. उघड्यावर कापून ठेवलेली फळे, फिकट गुलाबी पाण्यातली सरबते आणि दिवसभर तापत राहिलेल्या तेलातली भजी मुलांना देऊ नयेत. घोड्यांची फेरी काठालगतच चालते आणि तिची धूळ गाड्यांवर बसते, म्हणून त्या बाजूच्या गाडीवरून काही घेऊ नये. शनिवार-रविवारी सूर्यास्ताच्या सुमारास तलावाजवळ वाहनांची कोंडी होते. चारच्या आसपास जाऊन नाव, कणीस आणि चहा उरकून अंधारापूर्वी निघणे मुलांच्या दृष्टीने सर्वांत सुखाचे.

लहान मुले असलेल्या कुटुंबाला सर्वांत सोयीचे ठिकाण विचाराल तर मी पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या गुरेघर येथील मॅप्रो गार्डनचे नाव घेईन. पाचगणीत 1959 मध्ये सुरू झालेल्या मॅप्रोचे हे उद्यान आता स्वतंत्र सहलीचे ठिकाण झाले आहे. मुलांना फिरायला मोकळी जागा आहे, सरबते आणि क्रश चाखून पाहता येतात, आणि भट्टीतला पिझ्झा व भाजलेले सँडविच एरवी जेवणाला नाक मुरडणारी मुलेही खातात. सँडविच चांगले भरगच्च असते. दोन लहान मुलांत एक पुरते, म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांसाठी वेगवेगळे मागवू नये. गर्दी हा इथला खरा त्रास आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी बसायला जागा मिळवणे कठीण जाते, आणि ईस्टरच्या सुमारास स्ट्रॉबेरी महोत्सव असताना तर गाडी लावण्यापासूनच कसोटी लागते. ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही अशा माणसांना सोबत नेणार असाल तर आठवड्यातला मधला वार आणि सकाळची वेळ निवडावी, आणि एकाने पदार्थ आणायला जाताना बाकीच्यांनी आधी सावलीतली जागा धरावी.

स्ट्रॉबेरी विथ क्रीम न खाता महाबळेश्वरहून कोणी परतत नाही, आणि या एका पदार्थात सरस-निरस यांतला फरक मोठा असतो. चांगल्या पेल्यात तळाशी ताज्या फळाचे तुकडे आणि त्यांचा स्वतःचा रस असतो, त्यावर हलके फेटलेले, बेताने गोड क्रीम, पुन्हा फळ आणि वर हवे असल्यास आइस्क्रीम. वाईट पेल्यात फळाच्या दोन-चार चकत्या काचेला चिकटवलेल्या असतात आणि आत सगळा पाक. मागवण्यापूर्वी फळाची टोपली पाहावी: देठाची पाने हिरवी आणि ताठ, फळ टोकापासून देठापर्यंत लाल, वास दोन हातांवरून यावा. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत चव सर्वांत भरते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते मानांकन शेतातल्या फळाचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत मिळणाऱ्या पेल्यात बहुधा साठवलेला गर असतो, म्हणून त्या वेळी याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी तुती आणि रासबेरी मिळतात, आणि मुलांनी ती फळे ओळखून खावीत असे मला मनापासून वाटते. खऱ्या हंगामात तर रस्त्याकडेच्या शेतावर थांबून, शेतकऱ्याच्या परवानगीने मुलांना वाफ्यातले फळ तोडू द्यावे. दुकानातल्या कुठल्याही पेल्यापेक्षा ते त्यांच्या अधिक लक्षात राहते.

रात्री बाजारपेठेत फिरताना खाण्याचा मोह आवरत नाही आणि तो आवरूही नये. बगीचा कॉर्नरचे कॉर्न पॅटिस गरम असतानाच खावे. ते बांधून नेले की मऊ पडते. मोठी, खाण्यापिण्याची हौस असलेली मुले बरोबर असतील आणि घरात सामिष चालत असेल, तर मशीद रस्त्यावरचे ग्रेपव्हाइन हे छोटे उपाहारगृह आवर्जून गाठावे. पारशी धाटणीचे पदार्थ आणि शांत बसून जेवण्याची जागा हा मेळ या गावात दुर्मीळ आहे. चुळबुळ्या लहानग्यांना मात्र तिथे कंटाळा येईल. बाजारपेठेतल्या थाळीच्या हॉटेलांबाबत माझा अनुभव संमिश्र आहे. एका ठिकाणी, नऊ वाजून गेल्यावर, आम्हाला बसवून घेतले, पूर्ण थाळीचे पैसे लावले आणि दुसऱ्या वाढीला भाजी व भात संपल्याचे सांगितले. सोबतची लहान मुलगी वरण-भाताशिवाय झोपली. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की थाळी घ्यायची तर साडेसात-आठपर्यंत बसावे, आणि उशीर झाला तर सरळ गरम खिचडी किंवा डोसा मागवावा.

जून ते सप्टेंबर या काळात वरीलपैकी बरेच काही लागू पडत नाही. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात तेव्हा अनेक दुकाने आणि खानावळी बंद असतात, दाट धुक्यात दुपारीही गाडीचे दिवे लावावे लागतात आणि जेवणासाठी मुलांना घेऊन भटकणे धोक्याचे ठरते. त्या दिवसांत तिन्ही वेळा हॉटेलातच जेवणे शहाणपणाचे.

घरी नेण्यासाठी चिक्की, फज आणि लसणाचे चणे सगळेच घेतात. त्यांत मधाची भर घालावी. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून मान मिळाला. या डोंगरावर जांभूळ, हिरडा अशा झाडांचा मध वेगवेगळा मिळतो. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट असतो, तेव्हा मुलांसाठी घेताना आधी चाखून पाहावा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कोणताच मध देऊ नये.

परतीच्या दिवशी हॉटेलातून निघताना भरपेट नाश्ता करण्याची घाई करू नये. पाचगणी सोडल्यावर पसरणीचा घाट लागतो, त्याच्या वळणांवर मुलांना हमखास मळमळते, आणि तेलकट पुऱ्या किंवा दुधाचा मोठा पेला घेतलेल्या मुलाचे हाल होतात. निघताना टोस्ट, केळे किंवा कोरडी बिस्किटे एवढेच द्यावे, घाट उतरून वाईत यावे, कृष्णेच्या घाटावर मुलांना जरा पाय मोकळे करू द्यावेत आणि जेवण तिथे करावे.