युगांडातली ‘अनाथ’ मुलं आणि आमचे ३,६७,८०० रुपये

हे लिहायला मला आठ महिने लागले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण मिशन ट्रिपच्या, म्हणजे परदेशात सेवेला नेण्याच्या, नावाखाली आपल्या चर्चच्या मंडळ्यांमधून पैसे गोळा करणं चालूच आहे, म्हणून लिहिते.

आधी आकडे. नोंदणी फी १२,५०० रुपये, यूपीआयने. निवास आणि ‘प्लेसमेंट’चे ९०० डॉलर, म्हणजे ७५,६०० रुपये, बँकेतून. विमानाचं तिकीट ५८,४००. तिथे पोहोचल्यावर ‘परमिट’साठी रोख ४०० डॉलर, म्हणजे ३४,८००. आणि आमच्या महिला मंडळाने बाकं आणि बोअरवेलसाठी जमवलेले १,८६,५००. ही शेवटची रक्कम माझी नव्हती. तीच झोपू देत नाही.

मी नगरची. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. शिकलेली बाई कशी फसली, असं तोंडावर विचारणारे भेटलेत, म्हणून सांगते. ज्या नगरात अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, तिथल्या मिशन शाळेत माझी आजी शिकली. परक्या देशातून कोणीतरी आलं म्हणून आपल्या घरात अक्षर आलं, हे ऐकतच मी वाढले. आणि असाच एक माणूस आमच्या चर्चच्या उपासनेत उभा राहिला, चांगल्या मराठीत साक्ष दिली, युगांडातल्या जिंजा शहराजवळच्या शाळेतल्या ४६ अनाथ मुलांचे फोटो दाखवले आणि म्हणाला, “नगरच्या मंडळीने हे ऋण फेडायला नको का?” आमची दुखरी नस त्याला बरोबर ठाऊक होती. पाळकसाहेबांनी स्वतः शिफारस केली. मग मी कोणावर संशय घ्यायचा होता?

आणि मी डोळे झाकून गेले नव्हते. यलो फीव्हरची लस घेतली, पुढे दहा दिवस थांबले, व्हिसाचे ५० डॉलर स्वतः ऑनलाइन भरले. ‘टूरिस्ट’ निवडा, असं त्यानेच सांगितलं होतं. पैसे पाठवायचं खातं मात्र शाळा चालवणाऱ्या संस्थेचं नव्हतं, कंपालातल्या एका व्यक्तीच्या नावाचं होतं. विचारलं, तर म्हणे संस्थेच्या खात्याची कागदपत्रं नव्याने चालू आहेत. शाळेचे पैसे माणसाच्या खात्यात पाठवू नका. कारण कितीही पटणारं असलं तरी नाही.

मंडळाच्या बायकांनी शहाणपणा केला होता. म्हणाल्या, “बाई, तुम्ही डोळ्यांनी बघा, मग आम्ही पाठवतो.” २०२५च्या फेब्रुवारीत मी तिथे पोहोचले, आणि पहिल्याच शनिवारी बघितलं. सगळी मुलं रांगेत. नवे गणवेश, घड्यांच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. मुलांनी गाणी म्हटली, मग पोशो आणि घेवडा वाढायला सुरुवात झाली. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. सहाएक वर्षांची एक मुलगी रांग सोडून वाढणाऱ्या बाईकडे धावली, तिच्या झग्याला बिलगली आणि म्हणाली, “माआमा.” बाईने तिचा हात चटकन सोडवला आणि तिथल्या समन्वयकाकडे पाहिलं.

लुगांडात माआमा म्हणजे आई. पण भाषा यायची गरजच काय होती? मूल आईला कसं बिलगतं, हे मी एकतीस वर्षं शाळेच्या फाटकाशी रोज पाहिलंय. तरी मी मनाशी म्हटलं, पोरकं लेकरू, जेवू घालणाऱ्या बाईत आई बघतंय. माझे डोळे भरून आले. संध्याकाळी फोनवर मी बायकांना हेच सांगितलं, त्याही रडल्या, आणि मी म्हटलं, “पाठवा.” सोमवारी खजिनदारबाईंनी बँकेतून १,८६,५०० पाठवले.

त्याच सोमवारी वर्गात सात मुलं होती. मलेरियाची साथ आहे म्हणे. बुधवारी पाच. बाराव्या दिवशी घरमालक भाडं मागायला आला, तेव्हा कळलं की ती इमारत महिन्याच्या भाड्याने घेतलेली आहे. जिंजाच्या मेन स्ट्रीटवरच्या एका गुजराती दुकानदाराने उरलेलं सांगितलं. मुलं आसपासच्या शाळांतली, बहुतेकांना आईबाप आहेत. पाहुणे आले की शनिवारी बोलावतात आणि आयांना किलोभर साखर आणि साबणाची वडी देतात. त्या आयांवर माझा राग नाही.

पैसे परत मागितले, तर समन्वयक म्हणाला, “तुम्ही टूरिस्ट व्हिसावर काम करताय. इमिग्रेशनला कळवू?” स्वयंसेवा असली तरी त्या व्हिसावर ती चालत नाही. ४०० डॉलरच्या परमिटची पावती नव्हती, परमिटही नव्हतं. परतीच्या तिकिटाला नऊ दिवस होते, ते मी खोलीत बसून काढले. कोणी ‘टूरिस्ट व्हिसावर या, बाकी आम्ही बघतो’ म्हणालं, तर तिथेच फोन ठेवा. आणि सातवीपर्यंत शाळा आहे म्हणणाऱ्याला विचारा, तुमची मुलं पीएलईला कोणत्या केंद्रातून बसतात. तिकडे सातवीला ही सरकारी परीक्षा असते. खऱ्या शाळेला उत्तर शोधावं लागणार नाही.

परत आल्यावर खरा छळ सुरू झाला. बँकेत म्हणाले, “मॅडम, फॉर्मवर सही तुमचीच आहे.” सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार घेतली, क्रमांक दिला. तो क्रमांक आजही ‘प्रक्रियेत’ आहे. पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. “गुन्हा युगांडात घडला, तिकडे जा.” अहो, फोन नगरात आला, थाप नगरात मारली, पैसे नगरच्या बँकेतून गेले! १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यायचा आहे, हे मी छापील कागदासह दाखवलं. साहेबांनी कागद वाचलाही नाही. “दान दिलंत ना? दानाची कसली फसवणूक?” असं म्हणाले. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर लिहिलं, तर उत्तर आलं की स्थानिक पोलिसांकडे जा. म्हणजे पुन्हा त्याच साहेबांकडे. आणि सगळ्यांत वाईट आमच्या चर्चचे पंच. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र उघडून मला वाचून दाखवलं की विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर कोर्टात जाऊ नये. तो माणूस विश्वासणारा कधीपासून झाला? शिफारस करणारे पाळकसाहेब आता विषय बदलतात.

तक्रार करायची असेल तर परत यायची वाट बघू नका. पैसे गेल्याचं कळेल त्याच तासाला बँकेला लेखी कळवा. मी भीतीपोटी नऊ दिवस घालवले.

पेन्शनमधून दरमहा ५,००० मी मंडळाला परत देते आहे. आत्तापर्यंत ४०,००० झाले. अंडी विकून ५०० रुपये देणाऱ्या एका आजींचे पहिल्याच महिन्यात दिले. त्यांनी घेतले नाहीत, उशाशी ठेवून आले.

गेल्या महिन्यात कळलं की तोच माणूस मराठवाड्यातल्या एका सभेत साक्ष देऊन गेला. या वेळी देश मलावी, मुलं ६०. मी तिथल्या आयोजकांना फोन केला. “ताई, तुमच्याकडे पुरावा काय?” मी बँकेच्या पावत्या आणि त्या शनिवारचा फोटो पाठवला. त्यांनी पाहिल्याची खूण आली. उत्तर आलेलं नाही.