घरात सिनेमावेडं पोर असेल तर आधी कुठला लावाल: 'छेल्लो शो' की 'आय लाइक मूव्हीज'?

माझा भाचा शिकायला आमच्याकडं बेळगावात टिळकवाडीत असतो. सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, सायन्स. पण डोक्यात चोवीस तास सिनेमा. बहीण खानापूरहून रोज फोन करते, "अभ्यास करतोय का पिक्चरच बघत बसलाय?" सिनेमाच्या वेडावरचे हे दोन सिनेमे आम्ही लागोपाठच्या दोन रविवारी घरातच लावले. बघायला मी, भाचा, सासूबाई आणि निपाणीहून आलेले मोठे भाऊजी. तेव्हापासून ओळखीच्या दोघी-तिघींनी विचारलं की आमच्या पोराला यातला कुठला दाखवू. दोन्ही चांगले आहेत, पण कुठला कुणासोबत बघायचा हे आधी ठरवून बसा.

'छेल्लो शो' गुजराती, दिग्दर्शक पान नलिन यांचा, आपल्याकडं ऑक्टोबर 2022 मध्ये आला. त्या वर्षी ऑस्करसाठी भारतानं हाच पाठवला होता. सौराष्ट्रातल्या चलाला स्टेशनवर चहा विकणाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा समय आईनं दिलेला डबा प्रोजेक्टर चालवणाऱ्या फजलला देतो आणि त्याबदल्यात केबिनमध्ये बसून फुकट सिनेमे बघतो. भाविन रबारीला या कामासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो का मिळाला हे त्याचे डोळे बघितले की कळतं. आमच्या घरात हा सगळ्यांना आवडला. सासूबाईंना गुजराती निम्मं कळलं, निम्मं त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं. कानडी-मराठीत आयुष्य गेलेल्या माणसाला तिसरी भाषा जड जात नाही. भाऊजी तरुणपणी निपाणीहून मराठी सिनेमा बघायला कोल्हापूर गाठायचे. शेवटी जुना प्रोजेक्टर वितळून त्याचे चमचे होतात आणि रिळांच्या बांगड्या, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

'आय लाइक मूव्हीज'ला मात्र घरात दोन तट पडले. चँडलर लेवॅक या कॅनडाच्या दिग्दर्शिकेचा हा 2022 चा पहिला मोठा सिनेमा. सन 2002-03, ओंटारिओतलं बर्लिंग्टन. सतरा वर्षांचा लॉरेन्स व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात नोकरी धरतो, कारण त्याला न्यूयॉर्कलाच सिनेमा शिकायला जायचंय आणि त्यासाठी पैसे हवेत. दुसरं कुठलं कॉलेज त्याला चालत नाही. विनोद भरपूर आहे. पण पोरगा गोड नाही. आईशी उर्मट, दुकानात आगाऊ, आणि आपल्याएवढा सिनेमा जगात कुणाला कळत नाही असं धरून चाललेला. अर्ध्या तासात सासूबाई म्हणाल्या, "हुशार आहे की, खरं तोंड आवरत नाही त्याला," आणि उठून आत गेल्या. भाऊजींचंही तेच मत: ज्याच्यावर माया बसत नाही त्याच्यासोबत पावणेदोन तास कशाला बसायचं?

मला हे पटत नाही. समयवर माया बसायला काहीच कष्ट पडत नाहीत. तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याच्या वेडाचा त्रास जास्त करून त्याच्या बापाला होतो. लॉरेन्सचं वेड दुसऱ्याला लागतं. मॅट हा त्याचा एकमेव जिवलग. त्याला तो सरळ तोंडावर सांगतो की न्यूयॉर्कला खरे मित्र भेटेपर्यंत तू नुसता जागा भरायला आहेस. हे ऐकलं आणि माझा भाचा, जो तोवर सोफ्यावर लोळत खदखदून हसत होता, उठून बसला. मांडीवरची चुरमुऱ्याची वाटी त्यानं खाली ठेवली आणि पुढं हात लावला नाही. आमच्या ह्यालाही पुण्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. तिथल्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत दिग्दर्शनाच्या कोर्सला आधी पदवी लागते हे मी चारदा सांगितलंय, तरी पीयूसी झालं की निघालोच अशी भाषा. शाळेपासूनचा एक मित्र त्याला रोज गाडीवरून कॉलेजला सोडतो. मी भाच्याला काही विचारलं नाही. कोण आठवलं असेल ते मला ठाऊक होतं.

जुन्या आठवणींसाठी बघणार असाल तर तुमचं वय मोजा. थिएटरात शिट्ट्या मारलेली, ग्लोब, चित्रा, प्रकाश ही बेळगावच्या थिएटरांची नावं घेतली की ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, ती पिढी 'छेल्लो शो'ची. 'आय लाइक मूव्हीज' माझ्या पिढीचा आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाला कॅसेट लायब्ररी होती. वहीत नाव, कॅसेटचा नंबर आणि तारीख. मागं गुंडाळून दिली नाही तर दोन शब्द ऐकायला लागायचे. कव्हरवर हात फिरवत निवडायला मला अर्धा तास लागायचा. लॉरेन्स रॅकपुढं उभा राहतो तेव्हा ते प्लास्टिक मला बोटांना जाणवलं. भाच्याला यातलं काही माहीत नाही, तरी सिनेमा त्याला नेमका भिडला, कारण त्याच्यासाठी तो कॅसेटचा नव्हताच.

आता काळजीचं. 'छेल्लो शो' आजी-नातवंडांसह सगळ्यांनी मिळून बघावा. 'आय लाइक मूव्हीज' सोळाच्या खालच्यांना नको. शिव्या आहेत. लॉरेन्सच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे आणि तो त्यावर बोलायचं टाळत राहतो. दुकानाची मॅनेजर अलाना अभिनेत्री व्हायला गेली असताना तिच्यावर काय ओढवलं हे ती त्याला सांगते. तो प्रसंग लांब आहे आणि मला तो सगळ्या सिनेमात मोलाचा वाटला. सिनेमावर जीव टाकणाऱ्या पोरानं सिनेमाच्या धंद्याची ही बाजू बाईच्या तोंडून ऐकायलाच हवी. पण आईबापांनी तो आधी एकट्यानं बघावा. आणि पोरासोबत बघताना तिथं उठून चहा ठेवायला जाऊ नये, बसून राहावं.

एकच रविवार हाताशी असेल आणि घरात चार वयांची माणसं असतील, तर 'छेल्लो शो' लावा. पोर सतरा-अठराचं असेल, सिनेमाच करणार म्हणून अडून बसलं असेल आणि तुमचं दोघांचं बोलणं कमी झालं असेल, तर दुसरा. इंग्रजी भरभर आहे, खालच्या ओळी चालू ठेवा. 'छेल्लो शो' मात्र उपाशी पोटी बघू नका. आईचा स्वयंपाक इतका जवळून दाखवलाय की मधेच थांबवून सासूबाईंनी भरल्या वांग्यांचा मसाला वाटायला घेतला, आणि उरलेला सिनेमा आम्ही रात्री नऊनंतर बघितला.