ख्रिस्तपुराणाचे ‘चर्चमधले बाड’ आणि माझे १,०१,५०० रुपये

चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला ख्रिस्तपुराणाच्याच, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणाऱ्या जुन्या मराठी ओवीबद्ध काव्याच्या, नावाने गंडवले जावे, हे लिहिताना शरम वाटते. तरीही लिहितो, कारण तो मनुष्य अजून मोकळा आहे आणि जुन्या पोथ्यांचा नाद असलेली माणसे आपल्या कोल्हापुरात कमी नाहीत.

महाद्वार रोडवर जुनी पुस्तके विकणाऱ्या एका परिचिताने गेल्या श्रावणात त्याची गाठ घालून दिली. गोव्यातील एका जुन्या चर्चचे ग्रंथालय दुरुस्तीसाठी रिकामे होत असून, तेथील बाडे ‘जाणत्या माणसांच्या हाती’ सोपवण्यास फादरांनी सांगितले आहे, असे तो म्हणाला. मी अगदीच अडाणी नव्हतो. ख्रिस्तपुराणाचे कर्ते, इंग्रज धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, त्यांचे पुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूरला रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले आणि या तिन्हींपैकी एकाही छापील प्रतीचा आज पत्ता नाही, हे मी मुलांना सांगत आलो होतो. घात झाला तो या ज्ञानानेच. छापील प्रती नाहीशा झाल्या असतील, तर एखाद्या चर्चच्या पेटीत हस्तलिखित उरले असणे मला स्वाभाविक वाटले. बाड देवनागरीत कसे, असे मी विचारले, तेव्हा तो तत्काळ उत्तरला, “सर, लंडनच्या सोआस या विद्यापीठीय संस्थेतली ख्रिस्तपुराणाची मार्सडेन हस्तलिखित प्रतसुद्धा देवनागरीच आहे.” हे खरे आहे. एवढे माहीत असलेल्या माणसाला मी भामटा कसे समजावे?

मिरजकर तिकटीजवळच्या हॉटेलात त्याने बाड उघडले ते नेमके मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ‘हरळांमाजी रत्नकिळा’ या ओवीच्या पानावर. कुणा मराठीच्या मास्तरासमोर कोणते पान उघडावे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आणि आता जे सांगतो ते आठवले की आजही झोप उडते. त्या पानाला कसरीची दोन भोके होती. ओवीतील एक शब्द भोकाच्या अलीकडे थांबला होता आणि त्याचे उरलेले अक्षर भोकाच्या पलीकडे, सुबकपणे, सुरू झाले होते. मी ते पाहिले. नुसते पाहिले नाही, तर घरी येऊन पत्नीला कौतुकाने सांगितले की, त्या काळचे लेखक भोकसुद्धा सांभाळून लिहीत. ती म्हणाली, “अहो, म्हणजे भोक आधीचं आणि लिखाण नंतरचं ना?” मी तिला गप्प केले. पहिल्या पानावर ‘इ. स. १६१६’ असे लिहिले होते, ‘इ. स.’ हे आपल्या पाठ्यपुस्तकांतले संक्षिप्त रूप तेथे काय करत होते, हेही मला सुचले नाही.

विसार म्हणून ११,००० रुपये रोख दिले. दोन दिवसांनी ७२,००० रुपये बँकेतून पाठवले. त्यानंतर ‘फादरांच्या ना-हरकत पत्रासाठी’ आणखी १८,५०० रुपये गेले. ते पत्र कधीच आले नाही आणि फोनही बंद झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू चर्चला परस्पर विकता येत नाही, १९८३ च्या कॅथॉलिक धर्मसंहितेतील कलम १२९२ नुसार त्यासाठी थेट रोमची परवानगी लागते. कुणी फादरांची चिठ्ठी दाखवली, तर तेथूनच उठावे.

एका निवृत्त प्राध्यापकांनी बाड तिरक्या उजेडात धरले आणि दहा मिनिटांत निकाल दिला: कागद जुना खरा, पण तो हिशेबाच्या चोपडीतील कोरी पाने, रकान्यांच्या घड्या अजून दिसत होत्या. जुन्या लोखंडी शाईने दमट हवेत कागद खाल्लेला असतो, येथे तर शाई नुसती वर बसलेली. हे दहा मिनिटांचे काम पैसे देण्याआधी करून घ्यावे, एवढेच सांगतो. खरी प्रत पाहायचीच असेल, तर गोव्यातील पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्रात आगाऊ विचारून जावे.

मग सुरू झाली ती सरकारी फरफट. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न होता, “पावती कुठाय?” दुसऱ्या दिवशी वेगळ्या साहेबांनी सांगितले की, बाड खरे असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखिताच्या विनापरवाना व्यवहारात मीच अडकेन, आणि खोटे असेल तर हा ‘खरेदी-विक्रीचा वाद’ आहे, दिवाणी कोर्टात जा. म्हणजे खरे असले तरी मी दोषी आणि खोटे असले तरी मीच मूर्ख! भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, हे मी वाचून दाखवले, तेव्हा “मास्तर, कायदा आम्हाला शिकवू नका” असे ऐकावे लागले. बँकेने पोलिसांकडे बोट दाखवले, पोलिसांनी सायबर कक्षाकडे, आणि सायबर कक्षाने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन का केला नाही, असे दरडावले. त्यांचे तेवढे मात्र खरे; मी सोळाव्या दिवशी फोन केला, लाजेपायी. तुम्ही तासाभरात करा. पुरातत्त्वाशी संबंधित एका कार्यालयाने तर, बनावट वस्तू आमच्या कक्षेत येत नाही, असे दोन ओळींत कळवले.

पाच महिन्यांनी, गेल्या आठवड्यात, ठाण्यातून फोन आला: बाड तपासासाठी आणून जमा करा. मी पिशवीत घालून नेले आणि जमा केल्याची पावती मागितली. पावती नंतर मिळेल, असे उत्तर आले. मी बाड घेऊन घरी परत आलो.