रेड सी की केप? कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी

गेल्या दोनेक वर्षांत मर्चंट नेव्हीतल्या ज्युनिअर मुलांचे फोन साधारण एकाच चालीचे येतात. "दादा, रेड सीवाली बोट मिळतेय, लगेच जॉइनिंग आहे. दुसरी केपला वळसा घालून जाते, पण तिच्यासाठी दीड-दोन महिने घरी बसावं लागेल. काय करू?" मागून आईचा आवाज येत असतो, म्हणून पोरगं हळू बोलत असतं. तांबड्या समुद्रातून सुएझ कालव्यानं युरोपची वाट जवळची, पण 2023 च्या शेवटापासून येमेनचे हूथी बंडखोर तिथे इस्रायल, अमेरिका, ब्रिटनशी संबंध लावून जहाजांवर हल्ले करू लागले. केपची वाट म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा.

मी दोन्हीकडून गेलोय. फेब्रुवारी 2024 मध्ये एका बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणारं जहाज) सेकंड ऑफिसर असताना मुंबईहून बाब-अल-मंदेबमार्गे, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या सामुद्रधुनीतून, सुएझ गाठलं. पुढच्या दोन कॉन्ट्रॅक्टमध्ये केप ऑफ गुड होपला दोनदा वळसा घातला, त्यातला एक ऐन जुलैत. तीन फेऱ्यांच्या जोरावर शहाणपण शिकवणं बरं नव्हे, हे मान्य. जहाज, कॅप्टन, ऋतू बदलला की अनुभवही बदलतो. तरी विचारलंत म्हणून सांगतो.

आधी पैशांचं, कारण सुरुवात तिथूनच होते. "रेड सीला डबल पगार" हे अर्धसत्य आहे. जहाज आयबीएफ कराराखाली (खलाशी संघटना आणि जहाज कंपन्यांचा आंतरराष्ट्रीय करार) असेल, तर युद्धसदृश ठरवलेल्या पट्ट्यात जितके दिवस असाल तितक्या दिवसांचं बेसिक वेतन जास्तीचं मिळतं, आणि लवकर बाहेर पडलात तरी किमान पाच दिवसांचं. दुप्पट होतं ते बेसिक. ओव्हरटाइम, लीव्ह वेजेस आणि बाकीचा पसारा आहे तिथेच राहतो. सहा महिन्यांत तीनदा पार झालात, तर पंधरा दिवसांचं बेसिक, म्हणजे अर्ध्या महिन्याचं. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर भरपाई दुप्पट, तीही करारात आहे. पण त्या ओळीकडे बघून कुणी बोट निवडत नसावं. नकार द्यायचा हक्कही आहे. नकार दिलात तर कंपनीच्या खर्चानं घरी आणि वर दोन महिन्यांचं बेसिक. कागदावर फार छान वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही उतरलात की तुमचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, कोण करणार, हे तुम्हाला नावानिशी ठाऊक असतं. आमच्याकडे सगळ्यांनी सही केली ती त्यामुळेच, असं मला वाटतं.

आता केप. मुंबई ते रॉटरडॅम सुएझमधून सव्वासहा-साडेसहा हजार सागरी मैल, केपवरून पावणेअकरा हजारांच्या घरात. चौदा नॉट्सनं धरलं तर तेरा दिवस जास्त. दिवसांचं काही नाही हो, आपण समुद्रावरच असतो. त्रास आहे तो स्वेलचा. दक्षिणेकडच्या हिवाळ्यात, मे ते सप्टेंबर, नैऋत्येकडून लांब लाटा येतात, त्यांच्या समोरून अगुल्हास प्रवाह उतरतो, आणि दोन्ही एकमेकांना भिडले की समुद्र उभा राहतो. जुलै 2024 मध्ये तिथेच सीएमए सीजीएम बेंजामिन फ्रँकलिन या अवाढव्य जहाजावरचे 44 कंटेनर पाण्यात गेले. आमचं जहाज त्याच्यापुढे होडीच. मेसमधल्या टेबलावर चीफ कुक ओला टेबलक्लॉथ अंथरायचा, ताटं घसरू नयेत म्हणून. डाळ पातळ करणं त्यानं बंदच केलं होतं. झोपताना गादीच्या एका कडेखाली लाइफ जॅकेट कोंबायचं, म्हणजे मधे खोबण तयार होते आणि माणूस भिंतीला चिकटून राहतो. तरी तासभराच्यावर सलग झोप लागत नाही. सहा दिवस असे काढल्यावर मी चार्टवर साधी वजाबाकी चुकलो होतो. हाही धोकाच, पण त्याची कुठे बातमी होत नाही.

शिवाय केप म्हणजे अगदी निर्धास्त वाट, असंही नाही. जहाजं तिकडे वळली आणि सोमाली चाच्यांना पुन्हा कंठ फुटला. मार्च 2024 मध्ये मापुतोहून युएईकडे निघालेली बांगलादेशी एमव्ही अब्दुल्ला त्यांनी पळवली, महिनाभरानं सोडली. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या सिक्काहून डरबनला चाललेल्या हेलास अफ्रोडाइटीवर ते चढलेच. चोवीस जणांचा क्रू सिटाडेलमध्ये, म्हणजे जहाजातल्या सुरक्षित खोलीत, दार लावून बसला आणि युरोपीय मोहिमेतली स्पॅनिश युद्धनौका आल्यावर बाहेर आला. म्हणजे मुंबई सोडल्यावर पहिले काही दिवस रेझर वायर आणि जादा लुकआउट दोन्ही वाटांना लागतंच.

तांबड्या समुद्राच्या बाजूनं बोलायचं तर समुद्र शांत, वाट जवळची, आणि धोक्याचा खरा पट्टा दीड-दोन दिवसांचा. पुढे सुएझला बोटमन जहाजावर येऊन पितळी पिरॅमिड आणि नकली पपायरसचं दुकान मांडतात, तेवढीच जत्रा. त्या दीड दिवसाचं मात्र चित्र डोळ्यांसमोर असू द्या. केबिनच्या पोर्टहोलना काळ्या कचरापिशव्या चिकटवलेल्या. डेकवर एक दिवा नाही. वायफाय बंद. घरी आधी सांगून ठेवलेलं की दोन दिवस फोन येणार नाही, आणि आई दोन दिवस बातम्यांचा चॅनल लावून बसलेली. इंजिन पूर्ण वेगात, ब्रिजवर मोजकी माणसं, डोक्यावर हेल्मेट.

लपायचं कुठे, यावरही आमच्याकडे वाद झाला. चाच्यांसाठीचा सिटाडेल खाली इंजिन रूमकडे असतो, पोलादी दार लावून आत बसायचं. क्षेपणास्त्राला आणि स्फोटकं भरलेल्या बोटीला ते गणित उलटं पडतं. पाण्याच्या पातळीखाली तर मुळीच थांबायचं नाही. म्हणून आमची सगळी मंडळी मधल्या अॅलीवेमध्ये (बोळात), खिडक्यांपासून दूर, लाइफ जॅकेट घालून भिंतीला टेकून बसलेली. 2024 च्या 12 जूनला ट्यूटर या जहाजाला स्फोटकांची बोट मागून येऊन धडकली. इंजिन रूममधला एक फिलिपिनो खलाशी गेला, जहाजही बुडालं. ती बातमी वाचली तेव्हा आमचा तो वाद आठवला.

नौदलांचं काय, हे प्रत्येक जण विचारतो. अमेरिकेचं ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन डिसेंबर 2023 मध्ये जाहीर झालं, युरोपीय संघाचं अॅस्पिडीस फेब्रुवारी 2024 मध्ये. पहिल्याचा भर टापूवर पहारा ठेवण्यावर होता, म्हणजे तुमच्या शेजारी कुणी असेलच असं नाही. दुसरं एखाद्या जहाजाला सोबत करतं, पण नौका मोजक्या, त्यामुळे नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबणं चार्टररला, म्हणजे जहाज भाड्यानं घेणाऱ्याला, परवडत नाही. भारतीय नौदल या आघाडीत गेलंच नाही. आपल्या नौका स्वतंत्रपणे अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात राहिल्या, आणि खरं सांगतो, भरवसा वाटला तो त्यांचाच. 26 जानेवारी 2024 ला हूथींचं क्षेपणास्त्र लागून मार्लिन लुआंडा पेटली, तिच्यावर 22 भारतीय होते. आयएनएस विशाखापट्टणमची माणसं वर चढून आग विझवायला लागली. मार्चमध्ये हूथींचा मारा झालेल्या ट्रू कॉन्फिडन्सवरच्या 21 जणांना आयएनएस कोलकातानं लाइफ राफ्टवरून उचललं. त्याच महिन्यात याच कोलकातानं आणि मार्कोसनी (नौदलाचे कमांडो) एमव्ही रुएन चाच्यांकडून सोडवून 35 जण पकडले. विशाखापट्टणम आणि कोलकाता, दोन्ही विनाशिका आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, हे जाता जाता. व्हीएचएफ रेडिओवर त्यांचा आवाज ऐकला की उच्चारावरूनच कळायचं, कोण बोलतंय ते. पण आग लागल्यावर येणं वेगळं आणि आग लागू न देणं वेगळं. ड्रोन काय नि क्षेपणास्त्र काय, हाताशी वेळ फार थोडा असतो, आणि युद्धनौका शेकडो मैलांवर असू शकते.

इथपर्यंत तराजू तसा समसमान होता. एका बाजूला दीड दिवसाची भीती, दुसऱ्या बाजूला तेरा जादा दिवसांचं लाटांवर लोळणं. मला खरं तर भीतीचं फारसं वाटलं नव्हतं. पंचविशी-तिशीत वाटत नाहीच. मी वैतागलो ते एका वेगळ्याच गोष्टीनं, आणि ती म्हणजे जहाजाचं जुनं नाव.

रेड सीतून गेलेलं आमचं जहाज त्याआधी दोन वर्षांपूर्वी विकलं गेलं होतं. नवं नाव, नवा झेंडा. जहाजाचं नाव नुसतं रंगानं लिहीत नाहीत, अक्षरांच्या कडा वेल्डिंगनं उठवलेल्या असतात. विकलं की त्या घासतात आणि वर रंग मारतात. पण सकाळचं ऊन तिरपं पडलं की नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, जुनं नाव सावलीसारखं दिसतंच. मुंबईच्या अँकरेजला ऑफिसचा मेल आला: जुन्या नावाच्या खुणा पूर्ण काढा. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, दाभोळचा, आम्ही त्याला सारंगमामा म्हणायचो. तो दोन एबींना (खलाशांना) घेऊन फळीवर लटकून दोन दिवस ग्राइंडर चालवत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी लाँचमधून परत येताना वर बघितलं, तर पहिली तीन अक्षरं अजून वाचता येत होती. मामा म्हणाले, "साहेब, वेल्डिंग आहे हे. रंग किती मारा, पावसाळा गेला की वर येणार."

ते एक वेळ चाललं असतं. पण त्या रात्री मी जहाजाचा आयएमओ नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, एका जहाजांच्या माहितीच्या साइटवर घातला, तर मालक म्हणून जुनीच कंपनी, तिचा जुना देश. ऑफिसला कळवलं. उत्तर आलं की दुरुस्ती प्रक्रियेत आहे. मी साइन ऑफ होऊन जहाजावरून उतरलो तोपर्यंत ती प्रक्रियेतच होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? आम्ही गेलो त्याच महिन्यात, 18 फेब्रुवारीला, रुबीमारला क्षेपणास्त्र लागलं आणि 2 मार्चला ती एकवीस-बावीस हजार टन खतासकट बुडाली. झेंडा बेलिझचा, चालवणारे लेबनीज, नोंद मात्र ब्रिटनमधली, म्हणून हूथींच्या लेखी ती ब्रिटिश. ट्रू कॉन्फिडन्स आधी एका अमेरिकी कंपनीशी निगडित होती, पुढे विकली गेली. हूथींनी 'अमेरिकी जहाज' म्हणूनच हल्ल्याचा दावा केला. तीन खलाशी मेले. त्यांच्यापैकी कुणालाही आपल्या जहाजाचा आधीचा मालक ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

बाब-अल-मंदेबच्या अलीकडे, रात्री दोनच्या सुमारास, रेडिओच्या चॅनल सोळावर, जो सगळी जहाजं ऐकतात, कुणीतरी स्वतःला येमेनी नेव्ही म्हणवत पोझिशन सांगून एका जहाजाला हाका मारत होतं. पोझिशन आमची नव्हती, पण फार दूरचीही नव्हती. कॅप्टन हँडसेट हातात धरून नुसते उभे होते. तेवढ्यात कॅडेटनं विचारलं, "सर, त्यांनी विचारलं तर आपला ओनर कोण सांगायचा?" कॅप्टन म्हणाले मार्शल आयलंड्सची कंपनी, कारण रजिस्ट्रीत ती होती. मी म्हणालो मॅनेजर, म्हणजे जहाज चालवणारी कंपनी, कारण पगार तिथून यायचा. थर्ड मेट म्हणाला चार्टरर. मालाचा मालक कोण, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. हाका मारणारा पुढे दुसऱ्याच जहाजाकडे वळला आणि आम्ही सुखरूप पार झालो. काहीच घडलं नाही. पण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

लाटेशी आपल्याला काहीतरी करता येतं. कोर्स बदलता येतो, वेग कमी करता येतो, माल नीट लॅश करता येतो, बांधता येतो. कुणाच्या तरी यादीत आपल्या जहाजापुढे काय लिहिलंय, त्यापुढे माझ्यासारखा सेकंड ऑफिसर काय करणार? पुढे तर प्रकरण जहाजापुरतंही राहिलं नाही. जुलै 2025 मध्ये मॅजिक सीज आणि इटर्निटी सी एकाच आठवड्यात बुडवली. कारण दिलं ते त्या कंपन्यांची जहाजं इस्रायली बंदरांत जातात हे. म्हणजे भाऊबंद कुठे गेले, त्याची शिक्षा तुम्हाला. इटर्निटी सीच्या वेळी जवळ एकही युद्धनौका नव्हती. पाण्यात पडलेल्यांना खासगी बचाव जहाजांनी शोधून काढलं.

आता कुणी म्हणेल, ऑक्टोबर 2025 च्या गाझा युद्धविरामानंतर ते सगळं थंडावलं. खरंय. पण त्या जुलैच्या आधीही व्यापारी जहाजांवरचे हल्ले कित्येक महिने बंदच होते, आणि तेव्हाही लोक हेच म्हणत होते.

घरची अडचण असेल, लगेच जॉइन व्हायलाच हवं असेल, तर रेड सीवाली बोट घेऊ नका असं मी म्हणणार नाही. बहुतेक जहाजं पार होतात, आमचंही झालं. फक्त सहीआधी क्रूइंगवाल्यांकडून (भरती करणाऱ्या एजन्सीकडून) आयएमओ नंबर मागून घ्या. नाव बदललं, झेंडा बदलला तरी तो सात आकडी नंबर बदलत नाही. तो इक्वासिस या जहाजांच्या माहितीच्या साइटवर टाका, आधीची नावं आणि मालक बघा, त्या कंपनीची बाकीची जहाजं कुठे जातात तेही बघा. आयबीएफ करार आहे का, तेही विचारा. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर मी तरी दोन महिने घरी बसेन.

मी तसाच बसलो होतो. सध्याच्या जहाजाचं हे तिसरं नाव, आधीच्या दोन्ही नावांच्या खुणा नाळेवर स्पष्ट दिसतात आणि अजून कुणी घासायला सांगितलेलं नाही. गेल्या खेपेला केपटाऊनसमोर सामान घेऊन लाँच आली. वर मान करून त्यातल्या माणसानं ओरडून एवढंच विचारलं, की बटाट्याची पोती पुढे घेऊ की मागे.