प्लेयर्स हँडबुक, आठ महिन्यांनंतर: पैसे नियमांचे की नियम सापडण्याचे?

गेल्या शनिवारी आमच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून पात्रे वठवण्याच्या खेळातला चोर अंधुक उजेडात एका पिंपामागे लपला आणि पहारेकऱ्याला तो दिसतो की नाही, हे ठरवण्यासाठी पाच माणसांचा डाव वीस मिनिटे थांबला. लपण्याच्या नियमाची चौकट पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात आहे, अंधुक उजेडाचा परिणाम आठव्यात, न दिसणाऱ्या हल्लेखोराला मिळणारा फायदा नवव्यात आणि चोराला चटकन लपू देणारे कौशल्य तिसऱ्यात. या खेळाच्या २०१४ सालच्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या ज्या नियमपुस्तकावर मी आठ महिने डीएम (डंजन मास्टर, म्हणजे कथा आणि नियम सांभाळणारा) म्हणून खेळ चालवत आहे, त्याच्या किमतीविषयी सविस्तर लिहायचे, हे त्या वीस मिनिटांत ठरले.

पुस्तकाची मूळ किंमत ४९.९५ डॉलर. मला ते पुण्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ३,६०० रुपयांना पडले. ऐन पावसाळ्यात पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आले, एका कोपऱ्याचा पुठ्ठा भिजून फुगला होता, आणि विक्रेत्याने तीनदा छायाचित्रे मागवून अखेर मुदत संपल्याचे कारण देत बदलून देण्यास नकार दिला. त्या संतापात मी पहिले दोन महिने सर्वांना हेच सांगत होतो की हे पुस्तक घेऊ नका, कारण मूळ नियमांचा संच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहे.

ते मत मला बदलावे लागले. फुकट संचात बाराही वर्ग, म्हणजे चोर, जादूगार असे पात्रांचे प्रकार आहेत, परंतु प्रत्येकाचा उपवर्ग एकच, आणि संपूर्ण संचात पात्राची पार्श्वभूमी एकच व खास गुणही एकच. आमच्या गटातील दोघींना जादूगारच व्हायचे होते. पुस्तकात जादूच्या आठ शाखांचे आठ उपवर्ग असल्यामुळे दोघींची पात्रे खऱ्या अर्थाने वेगळी झाली. शिवाय छापील पुस्तक टेबलावर हातोहात फिरते. फोनवर नियम उघडला की त्याच क्षणी कोणाचा तरी संदेश येतो आणि लक्ष उडते. पंधरवड्याला एक याप्रमाणे सोळा बैठका झाल्या. हिशेब केला तर बैठकीला २२५ रुपये, म्हणजे माणशी ४५. आमचा चहा आणि वडापावही याहून महाग पडतो.

तरीही शेवटच्या सूचीबद्दल मी या पुस्तकाला क्षमा करू शकत नाही. ३२० पानांच्या नियमग्रंथात सूची हेच मुख्य अवजार असते, आणि येथे ती इतक्या बारीक अक्षरांत छापली आहे की संध्याकाळच्या दिव्याखाली चाळिशीतल्या माणसाला वाचवत नाही. त्याहून वाईट म्हणजे अनेक नोंदींपुढे पानाचा क्रमांकच नाही, ‘अमुक शब्द पाहा’ एवढीच सूचना आहे. ती नोंद शोधून मग पानाकडे जायचे. जो क्रमांक दुसऱ्या नोंदीपुढे छापलाच आहे, तो पहिल्या नोंदीपुढे छापायला किती जागा लागली असती? चित्रे देखणी आहेत, कागद जाड आहे, मजकूर स्वच्छ आहे. पण खेळ थांबलेला असताना चार जणांच्या नजरा माझ्याकडे लागतात, तेव्हा मला चित्र नको असते, पान हवे असते.

२०२४ च्या ३८४ पानी सुधारित आवृत्तीत ही उणीव बरीचशी भरून काढली आहे. तिच्या शेवटी नियमांचा वर्णानुक्रमे कोश आहे आणि लपण्याची कृती त्यात थेट सापडते. नव्याने सुरुवात करणाऱ्या गटाने तीच घ्यावी, असे मी निःसंकोच सांगेन. आमची पात्रे मात्र निम्म्या मोहिमेत आहेत, आणि केवळ सूचीसाठी पुन्हा तितकेच पैसे मोजणे मला पटत नाही.

म्हणून या रविवारी मी मोठ्या अक्षरांत तीन पानांची सूची हाताने लिहून काढली, प्रत्येक शब्दापुढे थेट पान क्रमांक घालून. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांनी ती पुस्तकाच्या शेवटी शिवून दिली आणि फुगलेला पुठ्ठाही बदलला, दोन्ही मिळून १५० रुपयांत. तिच्यातली पहिली नोंद ‘लपणे’ ही आहे: पाने ९६, १७७, १८३, १९४.