जर्मन भाषेतल्या एका कागदावरची सही

ती सही माझ्या डोळ्यांदेखत झाली. जून २०२४. ठाण्यात गोखले रोडजवळ एका ‘स्टडी अब्रॉड’वाल्यांचं ऑफिस आहे, तिथे माझी मुलगी एकामागून एक कागदांवर सह्या करत होती आणि समोरच्या मॅडम पेन्सिलीने फुल्या मारून देत होत्या. बारा-चौदा कागद असतील. त्यातला एक संपूर्ण जर्मन भाषेत होता. मी विचारलं, हा कसला? “इन्शुरन्सची फॉर्मॅलिटी आहे काका, युनिव्हर्सिटीला लागते.” मी गप्प बसलो. वागळे इस्टेटमध्ये सव्वीस वर्षं नोकरी करतोय, साधं चलन वाचल्याशिवाय माल आत घेत नाही. त्या दिवशी मात्र वाचता येत नाही म्हणून विश्वास ठेवला.

मुलीला जर्मनीत पूर्वेकडच्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. फी जवळजवळ नाही, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिकडच्या खर्चासाठी दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, ११,२०८ युरो दाखवावे लागत होते, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. त्यासाठी कळव्याचं घर बँकेकडे गहाण ठेवलं. अशा वेळी कुणी “इथे तुमचे पाऊण लाख वाचवतो” म्हटलं की माणूस ऐकतोच. त्यांचा हिशोब असा होता: तिकडचा पब्लिक इन्शुरन्स, म्हणजे सरकारमान्य आरोग्य विमा, महिन्याला सव्वाशे युरोच्या वर जातो. आमच्याकडचा प्रायव्हेट प्लॅन घ्या, वर्षाचे ५८,००० रुपये एकदम भरा, कव्हर तेच. माझ्या बायकोने तिथल्या तिथे स्पष्ट विचारलं होतं, “तिला लहानपणापासून दमा आहे, पंप घ्यावा लागतो, चालेल ना?” उत्तर आलं, “सगळं कव्हर आहे काकू.” या एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ऑक्टोबरमध्ये विद्यापीठातली नोंदणी विनातक्रार झाली, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. नोव्हेंबरात थंडी पडली आणि एका रात्री तिला अशी धाप लागली की शेजारच्या खोलीतल्या मुलीने ॲम्ब्युलन्स बोलावली. दोन रात्री हॉस्पिटलमध्ये होती. पोर बरी झाली हे आमचं नशीब. पण तीन आठवड्यांनी बिल आलं, २,३०० युरोंच्या आसपास. विमा कंपनीने एका परिच्छेदात कळवलं की पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराचा खर्च या पॉलिसीत येत नाही. पॉलिसीच्या सोळाव्या पानावर ते खरंच लिहिलेलं होतं. कंपनीच्या वेबसाइटवर त्याच प्लॅनची किंमत महिन्याला ३३ युरो होती, म्हणजे वर्षाचे साधारण ३६,००० रुपये. वरचे बावीस हजार कुणाच्या खिशात गेले ते सांगायला नको.

मी तिला म्हटलं, जाऊ दे, ही पॉलिसी बंद कर आणि पब्लिकमध्ये जा. ती तिथल्या एका सरकारमान्य आरोग्य विमा संस्थेच्या कार्यालयात गेली. त्यांना क्रांकेनकासे म्हणतात. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर तिचं नाव टाकलं आणि म्हणाल्या, तुम्हाला घेता येणार नाही, तुम्ही स्वतःच सूट मागितली आहे. त्यांनी जूनमध्ये सही केलेला तो कागद स्क्रीनवर दाखवला.

त्या कागदाची प्रत मी नौपाड्यात जर्मन शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी वाचता वाचताच मान हलवली. ‘बेफ्रायुंग’ म्हणजे सुटका, मुक्तता. विद्यार्थी म्हणून सक्तीने मिळणाऱ्या पब्लिक विम्यातून मला मुक्त करा, असा तो अर्ज होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही मुक्तता मागे घेता येत नाही. जर्मनीच्या सामाजिक कायद्याच्या पाचव्या पुस्तकात कलम ८ मध्येच तशी तरतूद आहे. विम्याची सक्ती सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत असा अर्ज करता येतो आणि एकदा मंजूर झाला की शिक्षण संपेपर्यंत परतीची वाट नाही. नोंदणीच्या वेळी अडचण का आली नाही, तेही तेव्हाच समजलं. विद्यापीठाला क्रांकेनकासेकडून एक इलेक्ट्रॉनिक निरोप जातो. त्यात ‘विमा आहे’ किंवा ‘मुक्तता दिली आहे’ यांपैकी एक असलं की नोंदणी होते. माझ्या मुलीच्या बाबतीत दुसरं लिहिलेलं होतं.

आपण काय गमावलं हे मला नंतर वाचून कळलं, आणि तेच जास्त लागलं. जर्मनीत कामगारांचा आरोग्य विमा १८८३ पासून आहे आणि १९७५ पासून विद्यार्थीही त्यात सक्तीने येतात. कमावणारा कमाईच्या प्रमाणात भरतो, विद्यार्थ्याला सवलतीचा दर लागतो. त्याच्या बदल्यात कुणी विचारत नाही की तुला आधी कुठला आजार होता. दमा असो, थायरॉइड असो, मधुमेह असो, हप्ता तोच आणि उपचारही तेच. डॉक्टरकडे कार्ड दाखवायचं, बिल हातात येतच नाही. आमच्यासारख्या घरातल्या, आजार घेऊन जाणाऱ्या मुलीसाठी याहून चांगली व्यवस्था कुठली असणार? आणि ती आमच्याकडून सही घेऊन, आमचेच पैसे घेऊन काढून घेतली गेली.

डिसेंबरमध्ये त्या ऑफिसात गेलो. मॅडम नोकरी सोडून गेल्या होत्या. मालक शांतपणे म्हणाले, “सही तुमच्या मुलीची आहे, ती सज्ञान आहे.” पैसे परत मागितले तर म्हणाले, पॉलिसी खरी आहे, व्हिसा मिळाला, ॲडमिशन झाली, आम्ही काय फसवलं? दम्याबद्दल विचारलं होतं ते त्यांना ‘रेकॉर्डवर’ सापडलं नाही. म्हणून आता सांगतो, असं काही विचारायचं असेल तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

ज्यांची मुलं या वर्षी निघाली आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. व्हिसासाठी आणि सुरुवातीच्या दिवसांसाठी थोड्या काळाची ट्रॅव्हल पॉलिसी लागते, ती वेगळी गोष्ट आहे. तिला वर्षभराचा विमा समजू नका. तीस वर्षांखालच्या, डिग्रीसाठी चाललेल्या मुलांना पब्लिक विम्याचा अर्ज इथे ठाण्यात बसून ऑनलाइन करता येतो. त्याला एजंट लागत नाही, अर्जाची फीही नाही, हप्ता तिकडे गेल्यावर सुरू होतो. फक्त भाषेचा कोर्स करायला जाणाऱ्यांना किंवा तिशी ओलांडलेल्यांना हा विद्यार्थी दर मिळत नाही, त्यांना बहुतेकदा प्रायव्हेटच बघावा लागतो, आणि एजंट नेमका याच गोष्टीचा फायदा घेऊन सगळ्यांना एकच सांगतात. आपलं मूल कशात बसतं ते विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून विचारा. आम्ही हे केलंच नव्हतं. नंतर मुलीने साधा प्रश्न विचारला तर दोन दिवसांत उत्तर आलं. आणि जर्मन कागदावर ‘बेफ्रायुंग’ हा शब्द दिसला तर समोरचा कितीही घाई करत असो, पेन खाली ठेवा.

आम्ही ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. विमा कंपनी परदेशी आहे, म्हणून तक्रार कन्सल्टन्सीविरुद्ध आहे, चुकीची माहिती देऊन सेवा विकल्याची. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील न लावता मी स्वतः उभा राहतो. पावती, मेल आणि त्या दिवशी आम्ही ऑफिसात होतो हे दाखवणारे कार्डाचे व्यवहार जोडले आहेत. निकाल लागायचा आहे.

हॉस्पिटलने बिलाचे हप्ते करून दिले. मुलगी शनिवार-रविवारी एका बेकरीत काम करून ते भरते आहे. तिचे पंप आम्ही इथून, तिकडे जाणाऱ्या कळव्याच्या एका मुलाबरोबर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट पाठवतो. त्या जर्मन अर्जाची प्रत आणि बाईंनी करून दिलेलं मराठी भाषांतर माझ्याकडे आहे. तुमच्या घरी असाच कागद आला असेल आणि ताडून बघायचा असेल तर मला लिहा, दोन्ही पाठवतो.