जुना फ्रॉक नमुना म्हणून कोणाच्याही हातात देऊ नका (इंदूरचा अनुभव)

इंदूरमध्ये लहान मुलींचे फ्रॉक हाताने स्मॉकिंग (चुण्यांवरचं भरतकाम) करून शिवून देते असं सांगणाऱ्या एका बुटीकवालीने आमची जी फसवणूक केली ती सविस्तर लिहितेय, कारण सध्या जुन्या साड्यांचे फ्रॉक आणि परकर-पोलकी शिवून घ्यायची खूप क्रेझ आहे आणि माझ्या ओळखीतल्याच काहीजणी आईची, आजीची कापडं पिशवीत घालून शिंपी शोधत फिरतायत. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाहीये, पण पद्धत कळली की नाव नसलं तरी अशी माणसं ओळखता येतील.

आधी फ्रॉकबद्दल सांगते. माझ्या आजीची एक महेश्वरी नऊवारी होती, हळदी रंगाची, रेशीम-सुती, बारीक चौकड्याची आणि जरीच्या किनारीची. नेसून नेसून ती मधे विरली तेव्हा आईने धड भागातून माझ्यासाठी फ्रॉक बेतला, 1989 साली, मी पाच वर्षांची होते. छातीवर पूर्ण स्मॉकिंग, पफ बाह्या, खाली घेराला तीच जरीची किनार आणि मागे शिंपल्याची बटणं. आतून उलटा करून पाहिला तर चुण्यांसाठी आईने पेन्सिलने दिलेले ठिपके अजून दिसतात, रांगेत, एकसारख्या अंतरावर. उरलेलं तीनेक वार कापड आणि किनार आईने मलमलमध्ये बांधून पेटीत ठेवलं होतं, आणि आता माझी मुलगी त्याच वयाची झाली तेव्हा तिला अगदी तस्साच फ्रॉक शिवायचा असं आमच्या दोघींच्या मनात होतं. आईला संधिवात आहे, तिला आता सुई धरवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हाताचं स्मॉकिंग म्हणजे काय. कापडाला आधी ठिपके देऊन रांगेने धावदोरा घालायचा, मग सगळे दोरे एकदम ओढून बारीक एकसारख्या चुण्या पाडायच्या, आणि त्या चुण्यांच्या डोक्यावर देठ टाका, केबल, हनीकोंब असे टाके घालत जायचं, शेवटी धावदोरा काढून टाकायचा. तयार पट्टीच्या साधारण तिप्पट रुंदीचं कापड लागतं, म्हणजे समोरचा भाग तीस सेंटीमीटर हवा असेल तर नव्वद सेंटीमीटर कापड नुसतं चुण्यांमध्येच जातं. हे काम मशीनवर घाईघाईत होत नाही. बाजारात जे स्वस्तात मिळतं ते बॉबिनमध्ये इलॅस्टिकचा दोरा भरून मारलेल्या शिलाया असतात, नाहीतर मीटरवर मिळणारी तयार चुण्यांची पट्टी.

तर एका बायकांच्या ग्रुपवर या बाईचे फोटो आले, फार सुंदर काम, फोन केला तर मराठीच निघाली, बालपण इंदूरच्या रामबागेत, म्हणजे मराठी वस्तीत गेलं म्हणाली, आमच्या ओळखीतली चार नावं घेतली आणि आईला तर फोनवर काकू काकू करून अगदी घरच्यासारखी बोलली. फ्रॉक पाहिल्यावर म्हणाली, "ताई, स्मॉकिंग म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ आहे, तुम्ही निश्चिंत राहा, फक्त नमुना ठेवून जा, डिझाइन डोळ्यासमोर असलं की काम चांगलं उतरतं." शिलाई साडेतीन हजार ठरली, अर्धे अ‍ॅडव्हान्स, क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव भलत्याच माणसाचं आलं, ते माझ्या मिस्टरांचं अकाउंट आहे म्हणाली. पावती मागितली तर "आपल्या आपल्यात कसली पावती ताई."

पुढे नेहमीचं सुरू झालं, कारीगर गावी गेलाय, अस्तराचं कापड वेगळं लागेल त्याचे पाठवा, स्मॉकिंगचा दोरा बाहेरून मागवावा लागला त्याचे पाठवा. मी म्हटलं जेवढं झालंय तेवढं दाखवा, फोटो नाही, फक्त फोन. लेखी काहीच करायचं नाही ही तिची रीत होती, मेसेज केला की उत्तर फोनवर यायचं. मग मी म्हटलं राहू दे, माझा नमुना आणि कापड परत द्या, तेव्हा पहिल्यांदा आवाज बदलला. "पूर्ण पेमेंट करा आणि दोन्ही फ्रॉक एकदम घेऊन जा, त्याशिवाय नमुना मिळणार नाही." खरी गोम इथे आहे. तुमची जी वस्तू जगात दुसरी मिळणार नाही ती त्यांच्याकडे गहाण पडलेली असते, मग अडीच हजार मागोत की पाच हजार, माणूस देतो. मीही दिले.

पिशवी स्टेपल करून दिली, घरी येऊन उघडली. आईने नवा फ्रॉक मांडीवर घेतला, घेराचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाली, "अगं, हे आपलं कापड नाहीये." मी म्हटलं धुतलं असेल, इस्त्री केली असेल. ती म्हणाली, "चाळीस वर्षं पेटीत मीच घडी बदलत आलेय, मला सांगू नकोस." महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, ती साडी दोन्हीकडून नेसता येते म्हणूनच आजीला आवडायची, आणि इथे किनार उलटी केली तर मागे नुसते लोंबणारे धागे. आईने शिवणीतून दोन धागे ओढून काढले, एक उभा एक आडवा, चिमट्यात धरून गॅसवर नेले. रेशीम जळलं तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडली की पावडर होते, सुताला कागद जळल्याचा वास येतो, हे दोन्ही धागे आक्रसले, वितळले आणि टोकाला काळा टणक मणी झाला. म्हणजे सरळ सरळ पॉलिएस्टर. स्मॉकिंग उलटं करून पाहिलं तर आत इलॅस्टिकच्या शिलाया आणि वरून दिसायला मशीनची नक्षी. आमच्या नमुन्याच्या फ्रॉकची एका बाजूची शिवण उसवून कच्ची मारलेली, आणि मागची शिंपल्याची बटणं गायब, त्याजागी प्लास्टिकची पांढरी बटणं! बटणंसुद्धा सोडली नाहीत, याचा राग मला अजून येतो.

परत गेले तर म्हणे तुमचं कापड जुनं, सुई लावली की फाटत होतं, म्हणून मार्केटमधून तसंच आणून लावलं, उलट माझेच पैसे गेले. फाटलेलं कापड दाखवा म्हटलं तर कचऱ्यात टाकलं. आणि किनार? किनारीवर काही बोलेना. जुन्या साड्यांची जरी विकत घेणारे लोक असतात हे सगळ्यांना माहीत आहे, खऱ्या जरीत चांदी असते, साडी जाळून ती चांदी काढतात. आमची किनार तिकडे गेली की कुठे गेली मी छातीठोक सांगू शकत नाही, पण कचऱ्यात गेली नाही एवढं नक्की.

पोलीस ठाण्यात गेलो तर आधी "मैडम, कपड़े का मामला है, आपस में निपटा लो" झालं. तिथल्याच एका वयस्कर हवालदारांनी सांगितलं की विश्वासाने सोपवलेली वस्तू परत न देणं म्हणजे अमानत में खयानत, तसा अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. भारतीय न्याय संहितेत ते कलम 316 आहे, फसवणुकीचं 318. अर्ज दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन दाखल करता येते तीही केली, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असं नाही, दोन वर्षांच्या आत मात्र करावी लागते. शिलाई ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, त्यामुळे बुटीक घरातून चालतं की दुकानातून याने फरक पडत नाही. माझ्या बाजूने काय होतं तर यूपीआयच्या नोंदी, माझे मेसेज आणि सगळ्यात कामाची गोष्ट, कापड देण्याआधी आईने हौसेने काढायला लावलेले फोटो, किनारीचा अगदी जवळून, बटणांचाही.

तुम्हाला शिवून घ्यायचंच असेल तर माप घ्या, फ्रॉक आतून बाहेरून फोटो काढा, ट्रेसिंग पेपरवर पॅटर्न उतरवून तो द्या, फ्रॉक घरीच राहू दे. शिवणारीला तो पाहायचाच असेल तर तुमच्यासमोर पाहील. कापड देताना कडेची एक पट्टी कापून स्वतःकडे ठेवा आणि दुसरीवर तिची सही घेऊन पावतीला टाचा, सही करायला का कू करणारीला काम देऊ नका. स्मॉकिंगचा तयार तुकडा हातात घेऊन उलटा करून बघा, रबर दिसतंय का. ग्रुपवरचे फोटो कोणाचेही उचललेले असतात, आमच्या बाईचे तसेच निघाले. आणि मराठी आहे, काकू म्हणते, रामबाग माहीत आहे, यावर एक रुपयाही देऊ नका.

फ्रॉक आता आमच्याच कॉलनीतल्या एका काकू शिवतायत, महेश्वरहून विणकराकडून नवीन कापड आणलं, हँडलूम मार्क बघून, आई शेजारी बसून ठिपके कुठे द्यायचे ते सांगते. ग्राहक आयोगाची नोटीस गेल्यावर बुटीकवालीने माझे पैसे परत पाठवले, सगळे, न मागता. कापड, किनार आणि बटणं अजून दिलेली नाहीत. पैसे मिळाले ना, आता तक्रार मागे घ्या म्हणून तिच्या मिस्टरांचे फोन येतात, तिचे येतात, परवा आईलाही केला. मी तक्रार मागे घेणार नाहीये.